नव्या तुडतुड्याचे वर्णन: नाव शेवटी, तुलना आधी

पावसाळा सरला की माझ्याकडे हस्तलिखिते येऊ लागतात. पाठवणारे बहुतेक कृषी कीटकशास्त्राचे विद्यार्थी किंवा हौशी निरीक्षक असतात. "आमच्या भागात तुडतुड्याची नवी जाती सापडली आहे, एकदा नजर टाका," असे सोबत लिहिलेले असते. छायाचित्रे देखणी असतात. नाव ठरलेले असते आणि ते कोणाच्या सन्मानार्थ, हेही ठरलेले असते. पण नर मात्र एकच उघडून पाहिलेला असतो आणि जवळच्या जातींशी केलेली तुलना चार ओळींत आटोपलेली असते. असे हस्तलिखित परत पाठवताना वाईट वाटते, कारण मेहनतीत काही कमी नसते. क्रम चुकलेला असतो, आणि एकदा क्रम चुकला की पुढची प्रत्येक पायरी त्याच चुकीवर उभी राहते.

आधी दोन शब्दांचा खुलासा. या लेखात 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. वर्तमानपत्रे नेमके उलटे लिहितात, त्यामुळे गोंधळ होतो. दुसरा शब्द 'तुडतुडे', म्हणजे झाडांचा रस शोषणारे, उड्या मारणारे छोटे कीटक. शेतकरी कपाशीवरच्या हिरव्या तुडतुड्यालाही तुडतुडा म्हणतो आणि भातावरच्या तपकिरी तुडतुड्यालाही. त्यातला पहिला सिकॅडेलिडी कुलातला, तर दुसरा डेल्फॅसिडी कुलातला. इथे लिहिले आहे ते फक्त सिकॅडेलिडीबद्दल. या एका कुलात आजवर २२,००० च्या आसपास जातींचे वर्णन झाले आहे. तुमच्या हातातला तुडतुडा त्यांपैकी एकही नाही, हे तुम्हाला दाखवून द्यायचे आहे.

## टप्पा १: परवानगी आणि ठेवण्याची जागा

जाळी हातात घेण्याआधी दोन प्रश्न सोडवून घ्या. गोळा कुठे करणार, आणि नमुने शेवटी कुठे ठेवणार?

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा राखीव वन असेल तर वन विभागाची लेखी परवानगी हवीच. "कीटकच तर आहेत" हे कारण चालत नाही. शेतात किंवा बागेत गोळा करताना मालकाला विचारा. परवानगीचा क्रमांक पुढे शोधनिबंधात द्यावा लागतो, म्हणून ते पत्र जपून ठेवा.

जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे भारतात नवी जाती सापडली तर नियुक्त संग्रहालयाला तसे कळवणे आणि पुराव्याचा नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे एक नियुक्त संग्रहालय. तिथल्या संग्रहपालाशी आधीच बोलून ठेवा. नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचा असेल तर टपाल करण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहा. हे प्राधिकरण चेन्नईला आहे.

सावधान: नियतकालिकांचे संपादक आता परवानगीपत्र मागतात. मागाहून परवानगी काढता येत नाही. नमुने असतात, पण वापरता येत नाहीत.

## टप्पा २: गोळा करणे

हातजाळी, प्रकाशसापळा आणि ॲस्पिरेटर, म्हणजे तोंडाने ओढून कीटक आत घ्यायची नळी, एवढ्यावर काम भागते. गवतावर आणि झुडपांवर जाळी फिरवायची आणि जाळीतून तुडतुडा ॲस्पिरेटरने ओढून घ्यायचा. चिमट्याने धरला तर पाय तुटतात, आणि मागच्या पायांवरचे काटे ओळखीसाठी लागतात.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे थोडक्यात समाधान मानणे. एक वेगळा नर मिळाला की माणूस घरी येतो. त्याच जागी त्याच दिवशी आणखी दोन तास काढा. दहा-बारा नर, तितक्याच माद्या आणि जमल्यास पिल्ले. त्याच जागी दुसऱ्या ऋतूत पुन्हा जा. असे का, ते सहाव्या टप्प्यात कळेल.

अर्धे नमुने ईथाइल ॲसिटेटच्या बाटलीत मारून कोरडे ठेवा, अर्धे थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. अल्कोहोलमधले डीएनएसाठी, कोरडे रंगासाठी. हिरवा तुडतुडा मेल्यावर पिवळा पडतो आणि अल्कोहोलमध्ये रंग धुऊन निघतो, म्हणून जिवंतपणीच फोटो काढा. अंगावर कधी पांढरी भुकटी दिसते. ती तुडतुड्याने स्वतःच अंगाला चोपडलेल्या ब्रोकोसोम नावाच्या सूक्ष्म कणांची असते. तिला रंगाची खूण समजू नका.

सावधान: ज्या झाडावर प्रौढ बसलेला सापडला ते त्याचे खाद्यझाड असेलच असे नाही. आंब्याखालच्या गवतातला तुडतुडा आंब्यावर सहज उडून बसतो. त्याच झाडावर पिल्लेही वाढताना दिसली, तरच 'खाद्यवनस्पती' असा शब्द वापरा. नाहीतर 'अमुक झाडावरून गोळा केला' एवढेच लिहा. प्रकाशसापळ्यातल्या नमुन्याबाबत झाडाचा उल्लेखच करू नका.

## टप्पा ३: चिकटवणे आणि लेबल

तुडतुड्याला टाचणी टोचत नाहीत. जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापायचा, त्याचे टोक किंचित वाकवायचे आणि त्यावर तुडतुडा छातीच्या उजव्या बाजूने चिकटवायचा. डिंक पाण्यात सुटणारा हवा, कारण कधी ना कधी तो नमुना काढावा लागतो. पोट मोकळे राहिले पाहिजे.

लेबल त्याच दिवशी लावा. त्यावर राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि पद्धत हवी. महिना रोमन अंकात लिहितात. ५.६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा प्रश्न पन्नास वर्षांनी कोणाला पडू नये. नुसते 'आंबोली घाट' असे लिहू नका. घाट उतरताना उंची बदलते, झाडोरा बदलतो, आणि तुमचा तुडतुडा वरच्या सड्यावरचा की खालच्या रानातला हे कोणालाच कळत नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात नमुन्यांवर बुरशी चढते. डांबरगोळी कीड दूर ठेवते, बुरशी नाही. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि ते वरचेवर वाळवत राहा.

## टप्पा ४: कुल, उपकुल, प्रजाती

प्रजाती पक्की होईपर्यंत पोट उघडण्याची घाई करू नका. आधी बाहेरून पाहा. मागच्या पायाच्या नळीवर लांब काट्यांच्या ओळी असल्या तर सिकॅडेलिडी. त्या नळीच्या टोकाशी एक मोठा हलता काटा असेल तर तो डेल्फॅसिडी, म्हणजे या लेखाबाहेरचा. छातीवरची ढाल मागे वाढून पाठीवर टोपीसारखी आली असेल तर तोही वेगळ्या कुलातला.

मग उपकुल. त्यासाठी डोक्याचा आकार, साध्या डोळ्यांची म्हणजे ओसेलायची जागा आणि पंखांच्या शिरा बघाव्या लागतात. नाजूक, दोन-चार मिलिमीटरचे टिफ्लोसायबिनी उपकुलातले तुडतुडे असतील, तर मागच्या पंखाच्या शिरा पाहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एका बाजूचे दोन्ही पंख काढून काचपट्टीवर पसरा. हा टप्पा वगळून थेट जननांगांकडे वळणारे लोक चुकीच्या प्रजातीत बसून तुलना करत राहतात. मग त्यांना सगळेच 'नवे' दिसते.

पडताळणी: प्रजातीच्या व्याख्येतले प्रत्येक लक्षण तुमच्या नमुन्यात आहे का, याच्या समोर एकेक खूण करा. एखादे जुळत नसेल तर थांबा आणि शेजारच्या प्रजाती पाहा.

## टप्पा ५: नर उघडणे

तुडतुड्यांच्या जाती नराच्या जननांगांवरून ओळखतात. रंगावरून नाही, आणि मादीवरून तर क्वचितच. म्हणून हा टप्पा सावकाश करा.

१. कोरडा नमुना ओल्या टिश्यूच्या बंद डबीत एक दिवस ठेवा. तो मऊ पडतो.

२. बारीक सुईने पूर्ण पोट मुळापासून वेगळे करा. फक्त शेवटचा भाग तोडू नका. टिफ्लोसायबिनी उपकुलातल्या बऱ्याच प्रजातींत पोटाच्या बुडाशी आतल्या बाजूला ॲपोडीम नावाच्या पट्ट्या असतात आणि त्यांची लांबी-रुंदी ओळखीला उपयोगी पडते. टोक तोडणाऱ्याकडून त्या हरवतात.

३. डीएनए हवे असेल तर आधी एक पाय बाजूला काढून अल्कोहोलमध्ये ठेवा. आतले मऊ भाग विरघळवायला पुढे कॉस्टिक पोटॅश वापरायचे आहे; त्यात गेलेल्या भागातून डीएनए मिळत नाही. दुसरा मार्ग असा की पोट पोटॅशऐवजी प्रोटिनेज-के या विकराच्या द्रावणात ठेवायचे. त्यात डीएनए हाती लागते आणि कवचही साफ होते.

४. दहा टक्के कॉस्टिक पोटॅश छोट्या काचनळीत घ्या, त्यात पोट टाका आणि नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात, नाजूक तुडतुड्याला त्याहून कमी. नळी थेट ज्योतीवर धरू नका. द्रावण उसळून अंगावर येते आणि भाजते. घाई नसेल तर थंड द्रावणातच रात्रभर ठेवा. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात कवच जास्त गळून पारदर्शक कागदासारखे होण्याची भीती कमी.

५. पाण्यात ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब टाकून पोट धुवा, मग खळगा असलेल्या काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये घ्या.

६. काहीही सुटे करण्याआधी संपूर्ण भाग बाजूने पाहा आणि त्याचे चित्र काढा. पायगोफर म्हणजे जननांगांभोवतीची पेटी. तिच्या टोकाचे काटे आणि केस एकमेकांच्या सापेक्ष कुठे आहेत, हे नंतर कधीच इतके नीट दिसत नाही.

७. आता एकेक भाग सोडवा: सबजेनिटल प्लेट (खालून झाकणाऱ्या चकत्या), स्टाइल (मादीला धरणारे दोन आकडे), कनेक्टिव्ह (स्टाइल आणि एडिएगस यांना जोडणारा तुकडा) आणि सर्वांत महत्त्वाचा एडिएगस, म्हणजे नराचे शिश्न. एडिएगस बाजूने आणि मागून, दोन्हीकडून पाहा. त्याचा दांडा, टोक, त्यावरचे फाटे आणि वीर्यनलिकेचे तोंड नेमके कुठे उघडते हे टिपून ठेवा.

८. काम झाले की सगळे भाग ग्लिसरीन भरलेल्या इवल्या नळीत घालून ती नळी त्याच नमुन्याच्या टाचणीला अडकवा.

सावधान: एडिएगस काचेच्या झाकणाखाली दाबून पाहू नका. चपटा झाला की त्याचे फाटे फाकतात आणि एक सरळ काटा 'बाहेर वळलेला' दिसू लागतो. कायमच्या स्लाइडवर दाबून ठेवलेल्या अशा काट्यांवर नव्या जाती उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

सावधान: एका वेळी एकच नर. मी एकदा दोन काचपट्ट्या शेजारी ठेवून काम करत होतो. मध्ये कोणी बोलावले म्हणून उठलो, परत आलो आणि कोणते पोट कोणाचे हे सांगता येईना. दोन्ही नमुने वर्णनातून वगळावे लागले. दोन्ही चांगले होते, आणि त्यांतला एक त्या उंचीवरून मिळालेला एकमेव नर होता. तेव्हापासून नळीवर, काचपट्टीवर आणि वहीत एकच क्रमांक लिहिल्याशिवाय मी सुई उचलत नाही.

## टप्पा ६: तुलना

नवी जाती इथे सिद्ध होते. माझ्या हिशेबाने संपूर्ण कामाचा निम्मा वेळ या टप्प्याला द्यावा, आणि नेमका इथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात.

सुरुवात यादीपासून. त्या प्रजातीत आजवर वर्णन झालेली प्रत्येक जाती लिहून काढा. भारतातल्याच नव्हेत. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, चीन, सगळीकडच्या. तुडतुडे देशांच्या सीमा ओळखत नाहीत. आता जागतिक नामसूची ऑनलाइन पाहता येते, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही मोफत मिळतात, त्यामुळे 'साहित्य मिळाले नाही' ही सबब उरलेली नाही.

मग प्रत्येक जातीचे मूळ वर्णन वाचा. दुसऱ्याने दिलेला सारांश नको, मूळच. भारतीय तुडतुड्यांपुरती अडचण अशी की ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिस्टंटने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या ऱ्हिंकोटा (रस शोषणाऱ्या कीटकांच्या) खंडांत १९०८ ते १९१८ या काळात जी वर्णने केली, ती बहुतांशी रंगावर आणि बाह्य आकारावर आहेत. नराचे जननांग त्यात नाही. ते वाचून तुमचा तुडतुडा वेगळा आहे की नाही, हे ठरवताच येत नाही. त्यासाठी डिस्टंटचे मूळ नमुने बघावे लागतात आणि ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. तिथल्या संग्रहपालाला नीट पत्र लिहून फोटो मागता येतात. त्याआधी हेही बघा, की त्या जातीचे पुनर्वर्णन नंतर कोणी केले आहे का. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांनी अनेक दशके भारतीय तुडतुड्यांवर काम केले आणि जुन्या जातींची जननांगे चित्रांसह मांडली. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटू शकतो. तिथला संग्रह प्रत्यक्ष पाहायला मिळाला तर प्रवासाचा खर्च नक्की करा.

हे न करण्याची किंमत कपाशीच्या तुडतुड्यावरून कळते. डिस्टंटने १९१८ मध्ये त्याला 'डेव्हास्टन्स' नाव दिले. भारतातल्या शेकडो शेतकी अहवालांत तेच नाव छापले गेले. पण त्याच कीटकाला त्याआधीच पूर्व आशियातून 'बायगुट्युला' हे नाव मिळालेले होते. नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकते, म्हणून आज तो ॲम्रास्का बायगुट्युला. जुने अहवाल वाचणाऱ्याला आजही दोन्ही नावे एकत्र शोधावी लागतात.

आता तक्ता करा. उभ्या रकान्यांत तुमची जाती आणि सर्वांत जवळच्या तीन-चार जाती, आडव्या ओळींत लक्षणे. प्रत्येक चौकट स्वतः पाहून किंवा चित्रावरून भरा. जी चौकट भरता येत नाही ती रिकामी ठेवा. रिकाम्या चौकटी जास्त असतील तर तुलना झालेलीच नाही.

शेवटी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला: नमुना रोगट तर नाही? ड्रायिनिड गांधीलमाशी, पिपुन्क्युलिड माशी किंवा स्ट्रेप्सिप्टेरा यांची अळी तुडतुड्याच्या शरीरात वाढते तेव्हा नराचे जननांग खुरटते, कधी अर्धवट राहते. पोटाबाहेर लोंबणारी पिशवी दिसली तर ड्रायिनिड उघडच आहे. बाकीच्यांची अळी आत लपलेली असते. पोट उघडताना आत अळी सापडली तर तो नर वर्णनातून बाद करा.

दुसरा: नमुना नुकताच कात टाकलेला आहे का? त्याचे कवच मऊ असते, रंग फिका असतो आणि एडिएगस नीट कडक झालेला नसतो.

तिसरा: हा फरक ऋतूचा आहे का? युरोपातल्या युस्केलिस प्रजातीत जर्मन संशोधक म्युलर यांनी दाखवून दिले, की पिल्ले वाढताना दिवस किती तासांचा आहे यावर प्रौढ नराच्या एडिएगसचा आकार ठरतो. वेगळ्या जाती म्हणून नावे मिळालेले नर प्रत्यक्षात एकाच जातीच्या दोन ऋतूंमधल्या पिढ्या निघाले. जननांग कधीच बदलत नाही अशी आपली समजूत असते. तो विश्वास पूर्ण बरोबर नाही, म्हणून तर दुसऱ्या टप्प्यात पुन्हा जायला सांगितले.

चौथा: फरक प्रत्येक नरात आहे का? पाच-सहा नर उघडा. पाच नरांत काटा लांब आणि एकात मध्यम असेल, तर त्या मध्यम नराचे काय, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

एकमेकांशी संबंध नसलेली निदान दोन लक्षणे सर्व नरांत सातत्याने वेगळी असतील, तरच मी पुढे जायला सांगतो. एकच नर असेल तर थांबा. डीएनएचा बारकोड, म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा, मदत करतो, पण निकाल देत नाही. तुडतुड्यांच्या शरीरात वोल्बाकिया जिवाणू असेल तर त्या जनुकाचा इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा जाऊ शकतो.

## टप्पा ७: होलोटाइप निवडणे

होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्याला नाव कायमचे बांधलेले असते तो नमुना. तो नर असावा, उघडलेला असावा, अवयव पूर्ण असावेत आणि लेबल निर्दोष असावे. दिसायला सर्वांत सुंदर नमुना आणि जननांग उघडलेला नमुना हे दोन वेगळे असतील, तर दुसरा निवडा. उरलेले पॅराटाइप. लाल लेबल होलोटाइपला, पॅराटाइपला वेगळ्या रंगाचे, अशी पद्धत आहे.

मादी त्याच जागी सापडली म्हणून तीच जोडीदार, असे गृहीत धरू नका. एकाच गवतावर दोन जवळच्या जाती राहू शकतात. शंका असेल तर तिला पॅराटाइप करू नका.

## टप्पा ८: चित्रे आणि मोजमापे

लांबी डोक्याच्या टोकापासून मिटलेल्या पंखाच्या टोकापर्यंत मोजा आणि ती तशीच मोजली आहे हे लिहा. पोट वाळून आकसते, त्यामुळे पोटाच्या टोकापर्यंतचे माप निरर्थक ठरते. डोळ्यांसह डोक्याची रुंदी, माथ्याची लांबी, छातीच्या ढालीची लांबी-रुंदी ही मापेही हवीत. नर आणि मादी वेगवेगळे, प्रत्येकी किती नमुने मोजले तेही.

जननांगांची रेषाचित्रे अजूनही फोटोपेक्षा जास्त सांगतात. ग्लिसरीनमधला पारदर्शक काटा फोटोत पाठीमागच्या भागात मिसळून जातो. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे दिसणारी प्रतिमा कागदावर गिरवू देणारे साधन, लावून काढा. प्रत्येक चित्राला मापपट्टी द्या, 'चाळीसपट' असे लिहू नका, कारण छापताना चित्र लहान-मोठे होते. सगळ्या जातींचे एडिएगस एकाच कोनातून दाखवा. तुमच्या जातीचे बाजूने आणि शेजारच्या जातीचे मागून, अशी चित्रे तुलनेला उपयोगाची नाहीत.

## टप्पा ९: लिहिणे

निदान आणि वर्णन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्णनात तुडतुडा कसा आहे ते डोक्यापासून जननांगापर्यंत एका क्रमाने येते. निदानात तो कोणापेक्षा कशाने वेगळा, एवढेच.

चुकीचे निदान असे असते: 'ही जाती जवळच्या जातींपेक्षा रंगाने व जननांगाने वेगळी आहे.' यातून कोणालाच काही कळत नाही. बरोबर निदान असे: 'एडिएगसच्या दांड्याच्या टोकाशी वर वळलेल्या फाट्यांची एकच जोडी. अमुक जातीत ही जोडी दांड्याच्या मध्यावर आणि खाली वळलेली.' जातीचे नाव, अवयव, जागा, दिशा, संख्या.

जिवंत असतानाचा रंग आणि कोरड्या नमुन्याचा रंग वेगवेगळा लिहा. 'अभ्यासलेले नमुने' या भागात होलोटाइपचे लेबल जसेच्या तसे उतरवा.

पडताळणी: लेखातली पॅराटाइपची संख्या आणि पेटीतली संख्या स्वतः मोजून जुळवा. हस्तलिखितात १२ आणि पेटीत ११, असे नेहमी होते.

## टप्पा १०: नाव

आता नाव. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे नाव लॅटिन लिपीत हवे आणि ते नवे असल्याचे लेखात स्पष्ट म्हटलेले हवे. होलोटाइप निश्चित केलेला हवा आणि तो कोणत्या शहरातल्या कोणत्या संग्रहात ठेवला हेही हवे. यातले एक जरी राहिले तरी नाव 'उपलब्ध', म्हणजे नियमाने ग्राह्य, होतच नाही. मग दुसरा कोणीही त्याच तुडतुड्याला आपले नाव देऊ शकतो.

गावावरून नाव द्यायचे तर 'एन्सिस' हा प्रत्यय लावतात. आंब्यावरच्या इडिओस्कोपस प्रजातीतली एक जाती 'नागपुरेन्सिस' आहे, ती भारतीय कीटकशास्त्रज्ञ प्रुथी यांनी १९३० मध्ये वर्णन केलेली. विशेषण असेल तर प्रजातीच्या लिंगाप्रमाणे ते बदलते. नेफोटेटिक्स ही प्रजाती पुल्लिंगी, म्हणून 'निग्रोपिक्टस', 'निग्रोपिक्टा' नाही. व्यक्तीवरून नाव असेल तर पुरुषाला 'आय', स्त्रीला 'एई' असा शेवट, आणि प्रजाती कोणतीही असली तरी तो बदलत नाही. बाईंच्या सन्मानार्थ दिलेल्या नावाला पुरुषाचा प्रत्यय लावलेली हस्तलिखिते दरवर्षी येतात. स्वतःचे नाव द्यायला संहिता मनाई करत नाही, पण देऊ नये.

ते नाव त्या प्रजातीत पूर्वी कोणी वापरले नाही ना, हे पाहा. एम्पोआस्कासारख्या मोठ्या प्रजातीत एके काळी शेकडो जाती टाकल्या जायच्या आणि नंतर त्या दुसरीकडे हलवल्या गेल्या. हलवलेल्या जातींची नावेही तपासा. 'इंडिकस'सारखी सोपी नावे बहुतेक आधीच गेलेली असतात.

पडताळणी: संपूर्ण हस्तलिखितात, चित्रांच्या मथळ्यांत आणि लेबलांवर नावाचे एकच स्पेलिंग आहे का? संगणकावर शोधून एकेक उल्लेख पाहा.

## टप्पा ११: प्रकाशन

नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर छापण्याआधी तो शोधनिबंध झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवलेला हवा, आणि त्या नोंदीचा पुरावा शोधनिबंधातच छापलेला हवा. अनेकजण जातीच्या नावाची नोंद करतात आणि शोधनिबंधाची राहून जाते. संहितेला लागते ती शोधनिबंधाची नोंद. त्यासोबत नियतकालिकाचा आयएसएसएन (ओळख क्रमांक) आणि ज्या डिजिटल संग्रहात तो जपला जाणार त्याचे नावही तिथे भरा. संपादकाने केले असेल असे समजू नका, स्वतः उघडून पाहा.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. तिथे परीक्षण होत नाही, आणि नियमात बसलेले वाईट वर्णनसुद्धा कायम टिकते. पुढच्या प्रत्येकाला ते हाताळावे लागते.

शोधनिबंध निघेपर्यंत नवे नाव पोस्टर, प्रबंध, प्रीप्रिंट, व्हॉट्सॲप किंवा वर्तमानपत्रात येऊ देऊ नका. प्रबंधात 'जाती क्र. १' असे लिहा. जिल्ह्याच्या पुरवणीत बातमी आधी येते आणि शोधनिबंध वर्षभराने, असे झाले की नाव नेमके कधीपासून धरायचे, याचा वाद उभा राहतो.

छापून आल्यावर होलोटाइप ठरलेल्या संग्रहात स्वतः नेऊन द्या आणि पोचपावती घ्या. टपालाने पाठवलेल्या पेटीत एक टाचणी सुटली तरी ती आतल्या सगळ्या नमुन्यांवर आपटत जाते. पॅराटाइप दोन-तीन संग्रहांत वाटून ठेवा. अल्कोहोलमधल्या उरलेल्या नमुन्यांवर नव्या नावाचे लेबल पेन्सिलीने लिहून नळीच्या आत टाका, कारण बाहेर चिकटवलेले निघून पडते आणि पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पोचपावतीवरचा नोंदणी क्रमांक शोधनिबंधातल्या क्रमांकाशी जुळवून पाहा. जुळत नसेल तर त्याच आठवड्यात संपादकाला दुरुस्तीचे पत्र लिहा.